नदीसाठी सोडलेले आवर्तन

मागील अंकात ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात असे लिहिले होते की, अमेरिका आणि मेक्सिको या दोन देशांनी २०१४ साली ठरवून कोलोरॅडो नदीच्या कोरड्या पात्रात पाणी सोडले आणि नदी पन्नास वर्षांनी प्रथमच समुद्राला मिळाली. त्या एका वाक्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून इतकी पत्रे आली की, या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे लागत आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. आकडे दशलक्ष घनमीटरमध्ये, म्हणजे वर्तमानपत्रांच्या भाषेत दलघमीमध्ये दिले आहेत. नवी मुंबईला पाणी पुरवणारे मोरबे धरण काठोकाठ भरते तेव्हा त्यात सुमारे १९० दलघमी पाणी असते. हे माप मनाशी धरले तर पुढचे हिशेब समजायला सोपे जातील.

प्रश्न : एवढी मोठी नदी समुद्रापर्यंत पोहोचण्याआधीच संपते कशी? मेक्सिकोचे पाणी अमेरिकेने अडवले, असे सरळ म्हणता येईल का?
(निवृत्त शिक्षिका, ऐरोली)

उत्तर : तसे सरळ म्हणता येणार नाही, कारण ठरलेला हिस्सा मेक्सिकोला मिळत होता आणि तरीही नदी संपत होती. रॉकी पर्वतात उगम पावणारी कोलोरॅडो सुमारे २,३०० किलोमीटर वाहते. तिच्या खोऱ्यात अमेरिकेची सात राज्ये येतात, आणि शेवटचा टप्पा मेक्सिकोत पार करून ती कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळते. निदान नकाशात तरी मिळते. १९२२ साली या सात राज्यांनी आपसांत करार केला आणि वरच्या व खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी सुमारे ९,२५० दलघमी पाणी वाटून दिले. ज्या वर्षांच्या मोजणीवर हे वाटप बेतले होते, ती वर्षे नेमकी नेहमीपेक्षा ओली निघाली. नदीला सरासरीने जेवढे पाणी येते त्याहून जास्त पाणी अशा रीतीने कागदावर वाटले गेले, आणि पुढच्या शंभर वर्षांच्या बहुतेक भांडणांचे मूळ त्या बेरजेत आहे.

मेक्सिकोचा हिस्सा १९४४ च्या तहाने ठरला. तो वर्षाला १,८५० दलघमी, म्हणजे जवळजवळ दहा मोरबे आहे. आपल्याला हा आकडा मोठा वाटतो. पण सीमेच्या अलीकडे, कॅलिफोर्नियातील इम्पीरियल खोऱ्यातल्या एकाच सिंचन जिल्ह्याचा हक्क याच्या दुपटीहून अधिक आहे. १९३० च्या दशकात हूवर धरण उभे राहिले आणि १९६३ साली ग्लेन कॅन्यन धरणाची दारे बंद झाली, त्यामुळे वसंतात बर्फ वितळल्यावर खाली येणारा लोंढा थांबला. मात्र शेवटचा घोट घेणारा मोरेलोस हा वळण बंधारा १९५० साली मेक्सिकोनेच सीमेवर बांधलेला आहे. तिथे उरलेसुरले पाणी कालव्यात वळते आणि मेक्सिकाली खोऱ्यातील गहू, कापूस आणि लसूणघासाला जाते. बंधाऱ्याच्या खाली समुद्रापर्यंत दीडशेच्या आसपास किलोमीटर पात्र उरते, त्यातला मोठा भाग नुसती वाळू. मेक्सिकालीत वर्षाला जेमतेम ७५ मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढा पाऊस जुलैत ठाण्यात एका दुपारी पडून जातो आणि आपण फक्त लोकल उशिरा येण्याची तक्रार करतो. तिथे मात्र नदी बंद झाली की दुसरीकडून पाणी येण्याची सोयच नाही.

या नदीच्या मुखाशी एके काळी सुमारे आठ लाख हेक्टरांचा त्रिभुज प्रदेश होता, त्यात पाणथळ जागा, लव्हाळी आणि नदीकाठची जंगले होती. त्याचा दहावा हिस्साही उरला नाही. ज्यांच्या नावाचा अर्थच नदीचे लोक असा सांगितला जातो, ते कुकापा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर मासेमारी आणि शेती करत होते. दोन्ही देशांनी प्रत्येक घनमीटर पाणी कोणत्या ना कोणत्या शेताच्या किंवा शहराच्या नावावर लावले, आणि खुद्द नदीचे नाव त्या यादीत घालायचे राहून गेले. तेव्हा दोष कोणाचा, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर दोघांचा असेच आहे. फक्त हिस्सा ज्याचा मोठा, त्याचा दोषही मोठा.

प्रश्न : मी मूळचा निफाड तालुक्यातला. आमच्या वरच्या धरणांतून खाली गोदावरीवरील जायकवाडी धरणाला पाणी सोडतात तेव्हा निम्मे पाणी वाटेतच मुरते म्हणून आमच्याकडे दरवेळी आंदोलन होते. वाळवंटातल्या कोरड्या पात्रात पाणी सोडले तर ते सगळेच मुरणार. मग ते वाया गेले असे का म्हणू नये?
(कामोठे)

उत्तर : हा प्रश्न मला ओळखीचा आहे. अभियंत्याच्या नोकरीत अशा एका आवर्तनावर, म्हणजे धरणातून ठरवून सोडलेल्या पाण्यावर, मी स्वतः रात्री काढल्या आहेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या निघाल्या की नाही, काठावरचे कृषिपंप बंद आहेत की नाही, हे पाहत जीपने पाण्याच्या पुढे पुढे जायचे, आणि सकाळी हिशेब मांडला की सोडलेले आणि पोहोचलेले यांतली तफावत बघून वरिष्ठांची बोलणी खायची. कोरडे पात्र किती पाणी पिते, हे तेव्हा कळले.

कोलोरॅडोतही तसेच झाले. २३ मार्च ते १८ मे २०१४ या आठ आठवड्यांत मोरेलोसपासून खाली सुमारे १३० दलघमी पाणी सोडण्यात आले, म्हणजे मोरबे धरणाच्या दोनतृतीयांश. त्यातले बहुतेक पाणी वरच्या टप्प्यातील वाळूतच मुरले, कारण तिथली भूजल पातळी पंपांनी फार खोल नेलेली आहे. पाण्याचे टोक १५ मे रोजी भरतीच्या पाण्याला जाऊन भिडले खरे, पण समुद्रापर्यंत पोहोचलेले पाणी अगदी थोडे होते. तुमच्याकडील आंदोलक तिथे असते तर त्यांनी याच आकड्यांवर मोर्चा काढला असता, आणि आकडे त्यांच्या बाजूचे असते.

तरीही ते वाया गेले असे मी म्हणणार नाही, आणि त्याची कारणे जरा सविस्तर सांगण्याजोगी आहेत. जायकवाडीला सोडलेले पाणी जायकवाडीत पोहोचावे म्हणून सोडलेले असते, म्हणून वाटेत मुरलेला प्रत्येक थेंब तिथे तोट्याच्या खात्यात पडतो. कोलोरॅडोतील आवर्तन मुळात पात्रासाठी होते. त्या नदीकाठी कॉटनवूड आणि विलो ही झाडे असतात. त्यांचे बी वसंतात वाऱ्यावर उडते, जेमतेम काही आठवडे जिवंत राहते आणि नुकत्याच पुराने धुतलेल्या, ओल्या, उघड्या मातीवर पडले तरच रुजते. पुढे पाण्याची पातळी हळूहळू उतरावी लागते, म्हणजे कोवळे मूळ ओलाव्याच्या मागे मागे खाली जाऊ शकते. पातळी एकदम उतरली तर रोप वाळते. धरणांनी वसंतातला पूर थांबवल्यापासून हा सगळा क्रम मोडला होता आणि मोकळ्या जागेवर टॅमरिस्कने, म्हणजे आपल्याकडील झाऊच्या भावंडाने, मुक्काम ठोकला होता. म्हणून सोडलेल्या पाण्याची तारीख आणि चढउतार बी उडण्याच्या हंगामाशी जुळवून आखले गेले. (तिथे जी झाडे पुन्हा लावली जातात त्यांत मेस्कीटही आहे. ही आपल्या वेड्या बाभळीच्याच कुळातली. जी आपल्याकडे माळराने गिळते, तिची जातभाई तिथे घरची आहे आणि लोक तिची रोपे जपून वाढवतात.)

उपग्रहावरून मोजले तेव्हा २०१३ च्या तुलनेत २०१४ साली नदीकाठची हिरवाई १७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पक्ष्यांची संख्या वाढली. पुढच्या वर्षांत मात्र ही हिरवाई ओसरत गेली, आणि जिथे ती टिकली त्या जागा लक्षात घेण्यासारख्या आहेत. लगूना ग्रांदे किंवा मिगेल आलेमान यांसारख्या ठिकाणी आधीच टॅमरिस्क उपटून, जमीन सारखी करून, स्थानिक लोकांना रोजगार देऊन रोपे लावलेली होती, आणि मोठे आवर्तन संपल्यावरही तिथे थोडे थोडे पाणी कालव्यांतून पोहोचत राहिले. या बारमाही पाण्यासाठी करारात वेगळे ६५ दलघमी राखून ठेवले होते. दोन्ही मिळून १९५ दलघमी, म्हणजे पाच वर्षांच्या करारात नदीसाठी भरलेले एक मोरबे.

यातून काढलेला धडा २०२१ साली वापरला गेला. त्या वर्षी १ मे ते ११ ऑक्टोबर या काळात सुमारे ४३ दलघमी पाणी सोडले, पण मोरेलोसखालच्या वाळूतून नव्हे. सर्वाधिक पाणी पिणारा टप्पा ओलांडण्यासाठी ते शेतीच्या कालव्यांतून फिरवून खालच्या अंगाला, थेट लागवडीच्या जागांजवळ पात्रात सोडले. आवर्तन एकतृतीयांश झाले. नदी तरीही समुद्राला मिळाली. २०१४ चे पाणी वाया गेले नाही, असे माझे मत आहे. पण मोजमापाकडे डोळेझाक करून पुन्हा तसेच सोडले असते, तर ते नक्की वाया गेले असते. गोदावरीबाबतही मला असेच वाटते. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचे, हे मेंढेगिरी समितीने २०१३ साली सुचवलेले सूत्र मला न्यायाचे वाटते. वाटेतल्या विहिरींना चढलेले पाणी मोजण्याची पद्धत मात्र आपण अजून लावून घेतलेली नाही. ते मोजले तर निफाडच्या आणि पैठणच्या लोकांना भांडायला निदान एकच आकडा मिळेल.

प्रश्न : १९४४ चा तह तर बदललेला नाही. तह न बदलता त्यात नसलेली गोष्ट, म्हणजे नदीसाठी पाणी, दोन देशांनी कायदेशीररीत्या कशी आणली? आणि स्वतःचे पाणी सोडायला दोघे तयार का झाले?
(कायद्याची विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे)

उत्तर : या तहातच एक शहाणी तरतूद आहे. तहाची अंमलबजावणी आंतरराष्ट्रीय सीमा व जल आयोगाकडे दिलेली आहे. या आयोगाचे दोन विभाग आहेत, एक अमेरिकेतील एल पासो येथे आणि दुसरा नदीपलीकडे मेक्सिकोतील सियुदाद ह्वारेस येथे. आणि प्रत्येक विभागाचा प्रमुख अभियंताच असला पाहिजे, असे तह सांगतो. (अभियंता म्हणून मला हे कलम विशेष आवडते, हे कबूल केलेले बरे.) आयोगाचे निर्णय ‘मिनिट’ या नावाने क्रमांक देऊन नोंदवले जातात, आणि तीस दिवसांत कोणत्याही सरकारने हरकत कळवली नाही तर ते मंजूर धरले जातात. दोन्ही देशांच्या संसदांपुढे नवा तह नेला असता तर तो कोणत्या तरी निवडणुकीत अडकला असता. मिनिटे मात्र एकामागून एक होत गेली.

तयार का झाले, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९६१ पासून अमेरिकेतील वेल्टन-मोहॉक भागाच्या शेतीचे खारट निचऱ्याचे पाणी नदीत येऊ लागले आणि मेक्सिकोला मिळणाऱ्या पाण्यातील क्षार जवळपास दुप्पट झाले. तहात पाणी किती द्यायचे ते लिहिले होते, कसे द्यायचे ते लिहिले नव्हते. पिके जळू लागली, तंटा दहा वर्षे चालला आणि १९७३ साली २४२ क्रमांकाच्या मिनिटाने क्षारांची मर्यादा ठरली. ती पाळण्यासाठी अमेरिकेने ते खारट पाणी एका वेगळ्या चरातून १९७७ पासून मेक्सिकोतील ओसाड खलाटीत सोडले, आणि कोणाच्याही ध्यानीमनी नसताना तिथे सांता क्लारा नावाची हजारो हेक्टरांची पाणथळ जागा तयार झाली. आज पाणकोंबडीच्या जातकुळीतल्या एका दुर्मीळ पक्ष्याची सर्वांत मोठी वस्ती तिथे आहे. टाकाऊ पाण्याने एवढे होते, हे पाहिल्यावर त्रिभुज प्रदेश कायमचा मेला आहे, असे म्हणणे शास्त्रज्ञांना अवघड झाले.

पुढे अमेरिकेने तेच खारट पाणी गोडे करण्याचा यूमा येथील कारखाना २०१० साली चाचणीसाठी चालवायचे ठरवले, तेव्हा सांता क्लाराचे पाणी कमी होणार होते. त्याची भरपाई अमेरिका, मेक्सिको आणि स्वयंसेवी संस्था यांनी प्रत्येकी एकतृतीयांश पाणी देऊन केली. पाणी थोडेच होते, पण तीन भागीदारांचे सूत्र तिथे प्रथम बसले.

त्याच वर्षी ४ एप्रिलला मेक्सिकाली खोऱ्यात ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि कालवे उखडले. हिश्श्याचे पाणी घ्यायला मेक्सिकोकडे कालवे उरले नाहीत, आणि साठवायला या नदीवर त्यांचे एकही मोठे धरण नाही. डिसेंबरमध्ये झालेल्या ३१८ क्रमांकाच्या मिनिटाने मेक्सिकोला आपले पाणी अमेरिकेतील मीड जलाशयात, म्हणजे हूवर धरणामागे, ठेवण्याची मुभा मिळाली. आता यातला व्यवहार पाहा. मेक्सिकोला साठवण मिळाली. आणि त्या साठ्याने मीडची पातळी वर राहिल्यामुळे अमेरिकेतील राज्यांवर कपातीची वेळ लांबली. शेजाऱ्याचे धान्य आपल्या कणगीत ठेवले तर आपलीही कणगी भरलेली दिसते, तसा हा प्रकार होता. दोघांचाही फायदा होता, म्हणून नोव्हेंबर २०१२ मध्ये झालेल्या ३१९ क्रमांकाच्या मिनिटात ही सोय वाढवण्यात आली. टंचाईत आणि सुकाळात दोघांनी वाट्याप्रमाणे घट आणि वाढ सोसायची, असे ठरले. मेक्सिकोतील कालव्यांच्या कामांसाठी अमेरिकेने २ कोटी १० लाख डॉलर द्यायचे मान्य केले. आणि याच गाठोड्यात नदीचे १९५ दलघमी बांधले गेले. त्यातले ६५ दलघमी संस्थांनी मेक्सिकालीच्या शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क रीतसर विकत किंवा भाड्याने घेऊन उभे केले. कोणाचेही पाणी हिसकावले नाही, हे तिथल्या शेतकऱ्यांचा विरोध न होण्याचे मोठे कारण असावे.

केवळ नदीसाठी म्हणून कोणी हा करार घेऊन गेले असते, तर तो आयोगाच्या दारातच राहिला असता असे मला वाटते. नदी या करारात दुसऱ्यांच्या गरजांना धरून आत आली. सप्टेंबर २०१७ च्या ३२३ क्रमांकाच्या मिनिटात तिचा वाटा सुमारे २५९ दलघमी झाला आणि तो पुन्हा तिघांनी सारखा उचलायचा ठरला. त्याची मुदत २०२६ अखेरपर्यंत आहे. मीडचा साठा खालावल्याने २०२२ सालापासून कपात लागू झाली, तेव्हा मेक्सिकोनेही त्या वर्षी सुमारे ९९ दलघमी पाणी कमी घेतले; तंटा न होता हे घडले, ते या मिनिटांमुळे. मात्र सगळे गोडीगुलाबीचे आहे असेही समजू नये. याच तहाखालील रिओ ग्रांदे नदीचे पाणी मेक्सिकोकडून थकले म्हणून मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने तिहुआना शहरासाठी कोलोरॅडोचे पाणी देण्याची विनंती नाकारली.

प्रश्न : कालव्यांना अस्तर लावणे, ठिबक करणे, गळती थांबवणे हे उपाय तर सर्वांच्याच भल्याचे असतात. यात वाद होण्याचे कारण काय?
(बेलापूर)

उत्तर : गळती कोणाच्या विहिरीत जाते, यावर ते अवलंबून असते. इम्पीरियल खोऱ्याला पाणी नेणारा ऑल-अमेरिकन कालवा सीमेला अगदी लागून, समांतर जातो. मातीचा असल्याने तो अनेक दशके पाझरत होता, आणि तो पाझर पलीकडील मेक्सिकन शेतकऱ्यांच्या विहिरींना आणि काही पाणथळ जागांना पोसत होता. वर्षाला सुमारे ८३ दलघमी पाणी वाचवण्यासाठी अमेरिकेने सदतीस किलोमीटर लांबीत काँक्रीटचे काम हाती घेतले, तेव्हा मेक्सिकालीचे लोक न्यायालयात गेले. अमेरिकेच्या संसदेने २००६ साली कायदा करून काम पुढे रेटले. कागदावर पाण्याची बचत झाली, प्रत्यक्षात पाणी एका देशाच्या विहिरीतून दुसऱ्या देशाच्या नळात गेले. आपल्याकडे बंदिस्त नलिकेची योजना आली की कालव्याकाठचे बागायतदार का अस्वस्थ होतात, हे ज्यांना कळत नाही त्यांनी हा नकाशा पाहावा. ३२३ क्रमांकाच्या मिनिटात याच्या उलट वाट धरली आहे : मेक्सिकोतील गळती थांबवायला अमेरिकेने ३ कोटी १५ लाख डॉलर द्यायचे आणि वाचलेल्या पाण्याचा काही भाग नदीच्या नावे लावायचा.

प्रश्न : म्हणजे आता नदी जिवंत झाली, असे म्हणता येईल का?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, कोपरखैरणे)

उत्तर : नाही. शेकडो एकरांचे हिरवे तुकडे झाले आहेत, सलग नदी झालेली नाही. ३२३ क्रमांकाच्या मिनिटातील नदीचे पाणी वर्षांवर विभागले तर ते मेक्सिकोच्या हिश्श्याच्या दीड टक्क्याच्या आसपास भरते. शिवाय मुखाशी वेगळीच अडचण आहे. नदीचा जोर नसल्याने भरतीने आणलेला गाळ तिथे आडवा साचतो आणि समुद्राचे पाणी आत येण्याची व नदीचे बाहेर जाण्याची वाट अडते. खाडीकिनारी राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

प्रश्न : हे सगळे परदेशातले. कृष्णेसाठी किंवा आमच्या उल्हास-वालधुनीसाठी असे काही होऊ शकते का? की आपल्याकडे फक्त लवाद आणि आंदोलने?
(कळवा)

उत्तर : लवादानेही कधी कधी नदीचा विचार केलेला आहे. कृष्णेच्या दुसऱ्या लवादाने २०१० च्या निवाड्यात नदीतील किमान प्रवाहासाठी १६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वेगळे ठेवले, त्यातले ३ टीएमसी महाराष्ट्राच्या वाट्याचे. ३ टीएमसी म्हणजे ८५ दलघमी. कोलोरॅडोसाठी ३२३ क्रमांकाच्या मिनिटात एका भागीदाराने संपूर्ण मुदतीत द्यायचे पाणी जवळपास एवढेच आहे, आणि आपला आकडा तर दरवर्षीचा आहे. निवाडा मात्र न्यायालयीन वादात अडकून वर्षानुवर्षे अधिसूचनेविना राहिला. तेव्हा आपल्याकडे कल्पना नव्हती असे नाही. लवाद निकाल देऊन उठून जातो आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांना दूरध्वनी करणारे दोन अभियंते मागे उरत नाहीत, ही उणीव आहे. सिंधू तहाचा दाखला काहींनी दिला आहे. तो १९६० चा तह पाणी वाटत नाही, नद्या वाटतो, आणि एप्रिल २०२५ पासून भारताने तो स्थगित ठेवला आहे; त्याची तुलना इथे फार उपयोगाची नाही.

उल्हासबद्दल लिहिताना एक गोष्ट ठाणेकरांना सांगितली पाहिजे. आपण स्वतःला टेलचे, म्हणजे शेवटी पाणी मिळणारे समजतो. पण भिवपुरीच्या वीजगृहातून उल्हासमध्ये जे पाणी उतरते ते मावळातील आंध्रा धरणाचे, म्हणजे इंद्रायणी-भीमेच्या आणि पर्यायाने कृष्णेच्या खोऱ्याचे आहे. ते पूर्वेला सोलापूरकडे जायचे, ते सह्याद्रीतून पश्चिमेला वळवले आहे. शहाड येथे उल्हासमधून उचललेले पाणी ठाण्यात नळाला येते. म्हणजे कृष्णेच्या वादात आपण प्रेक्षक नाही. मोरेलोसवर कालव्याचे दार उघडून बसलेल्यांत आपणही आहोत.

वालधुनीची गोष्ट वेगळी आहे. तिथे पाणी कमी नाही, घाण जास्त आहे. तिच्यासाठी मला मेक्सिकालीतील लास आरेनितास येथील सांडपाणी केंद्राचे उदाहरण जवळचे वाटते. तिथले प्रक्रिया केलेले पाणी मुद्दाम तयार केलेल्या पाणथळीतून फिरवून हार्डी नावाच्या उपनदीत सोडतात. या कामाला दुसऱ्या देशाशी करार लागत नाही, दोन महापालिकांची बैठक पुरते. अर्थात दोन महापालिकांच्या बैठकीपेक्षा दोन देशांची बैठक लवकर लागते, असे कळव्याच्या वाचकांनी मला उलट लिहिले, तर माझ्याकडे उत्तर नाही.

प्रश्न : आपण लिहिले की २०१४ मध्ये नदी पन्नास वर्षांनी प्रथमच समुद्राला मिळाली. १९८० च्या दशकात तिला मोठे पूर आले होते, असे मी वाचले आहे. मग कोणते खरे?
(वाशी)

उत्तर : तुमचे खरे. माझे वाक्य चुकले. ग्लेन कॅन्यन धरणामागील पॉवेल जलाशय १९८० साली पहिल्यांदा पूर्ण भरला आणि १९८३ पासून काही वर्षे इतके बर्फ वितळले की धरणांना ते पाणी पोटात घेता आले नाही. त्या वर्षांत, आणि पुढे १९९० च्या दशकातही काही पुरांत, नदी समुद्रापर्यंत गेली होती. कॉटनवूड आणि विलोची रोपे तेव्हा आपोआप उगवली आणि त्रिभुज प्रदेश परत येऊ शकतो, हे त्यांवरूनच लक्षात आले. ते पाणी धरणांत मावत नव्हते म्हणून खाली आले होते. २०१४ चे पाणी मीड जलाशय अर्धाही भरलेला नसताना, दोन देशांनी सही करून सोडले होते. मागील अंकातील वाक्यात ‘पन्नास वर्षांनी प्रथमच’ याऐवजी ‘दोन देशांनी मिळून ठरवून प्रथमच’ अशी दुरुस्ती करून घ्यावी.